कारण : वैयक्तिक

सप्टेंबर २०२४ चा दुसरा आठवडा. पहिल्या घटक चाचणीचे पेपर तपासून वाटून झाले होते आणि त्यानंतर दरवर्षी जे येतं तेच माझ्या टेबलावर यायला लागलं होतं : विषय बदलाचे अर्ज. मी नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला गणित शिकवते. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेली मुलं पहिल्या चाचणीत आपटली की दोनातला एक विषय सोडतात. अर्ज छापील असतो. नाव, तुकडी, सोडायचा विषय, घ्यायचा विषय, कारण, पालकाची सही, विषयशिक्षकाची सही. कारणाचा रकाना जेमतेम एका शब्दापुरता आहे आणि मुलं त्यात तो एक शब्द लिहितात : वैयक्तिक.

त्या आठवड्यात चार अर्ज आले, चारही गणित सोडण्याचे. तीन मुलींचे, एक मुलाचा. चहा घेता घेता मी तिघांवर सह्या केल्या. चौथ्यावर करायची राहिली, कारण घंटा वाजली. त्यात माझा कसलाही विचार नव्हता, हे आधीच सांगून टाकते. रात्री पर्समधून डबा काढताना तो कागद हाताला लागला आणि सहज म्हणून मी मुलीचे दहावीचे गुण पाहिले. गणितात १०० पैकी ९४. आमच्या चाचणीत २५ पैकी ११.

त्याच तुकडीत एका मुलाला ९ मिळाले होते. त्याचा अर्ज नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, काय रे, गणित ठेवणार ना? तो म्हणाला, "हो मॅम. पेपरच लय टफ काढला होता ना तुम्ही."

मुलीला घरी गुड्डी म्हणतात. मीही इथे तेवढंच म्हणते. ओळख लागेल असे दोनेक तपशील बदलले आहेत, बाकी जसं घडलं तसं आहे.

गुड्डीला स्टाफरूमबाहेर बोलावलं. गणित का सोडतेस? "मॅम, मला गणित जमत नाही." दहावीत ९४ कसे मग? "ते घोकून होतं." म्हणजे बघा, मुलाच्या नऊ गुणांना पेपर जबाबदार आणि मुलीच्या अकरांना तिचं डोकं. एवढंच नाही, आधीचे ९४ सुद्धा डोक्याचे नव्हते, घोकंपट्टीचे होते. यश आलं ते कष्टाने आणि अपयश आलं ते कुवतीमुळे. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी पुढे खूप शोधलं, "मुलींना गणित येत नसतं" असं वाक्य तिच्यासमोर कोणी उच्चारलेलं मला सापडलं नाही. या प्रकरणात माझं सगळं लक्ष वेधलं ते त्याच गोष्टीने. ज्याला आपण पूर्वग्रह म्हणतो तो या घरात आणि या कॉलेजात कोणाच्या तोंडी नव्हता. तो वेळापत्रकात होता, फीच्या हिशेबात होता आणि माझ्या शेऱ्यांच्या वहीत होता.

तिचा पेपर मी पुन्हा काढून बसले. वर्तुळाची त्रिज्या १० सेंटीमीटर, केंद्राशी ५४ अंशांचा कोन करणाऱ्या कंसाची लांबी काढा, असा एक प्रश्न होता. अर्थात इंग्रजीत. तिने तो कोरा सोडला होता. मी तोच प्रश्न मराठीत सांगितला. तिने अंशांचं रेडियनमध्ये रूपांतर केलं, त्रिज्येने गुणलं आणि मिनिटभरात ३π सेंटीमीटर लिहून दिलं. अडलं होतं 'सबटेंड', म्हणजे समोर कोन करणं, या शब्दावर. दुसऱ्या एका प्रश्नात 'क्वाड्रंट' म्हणजे आपला चरण, हे तिला कळलं नव्हतं. तिसऱ्यात 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे, या शब्दामुळे दोन किमती उलटसुलट झाल्या होत्या. गुड्डी पूर्ण मराठी माध्यमातून आलेली. सेमीसुद्धा नाही. दहावीपर्यंत लंब, पाया, कर्ण, सहगुणक, चढ, निश्चयक, आणि मेअखेर दहावीचा निकाल घेऊन निघालेली मुलगी ऑगस्टमध्ये इंग्रजी गणिताच्या वर्गात बसते. त्या चाचणीत तिचं गणित फारसं चुकलं नव्हतंच. तिला शब्द येत नव्हते.

हा भाषेचा मार मराठी माध्यमाच्या मुलग्यांनाही बसतो. फरक एवढाच की मुलगा 'पेपर टफ' म्हणून मोकळा होतो.

पारडीकडचं घर

पुढच्या रविवारी गुड्डीच्या घरी जायला मी मेट्रोने प्रजापतीनगरला गेले. सेंट्रल ॲव्हेन्यूवरून जाणारा हा मार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, त्यामुळे पूर्व नागपूर सीताबर्डीला, धरमपेठेला जोडलं गेलं. स्टेशनपासून घर वीस मिनिटांच्या पायवाटेवर. वाटेत गोदामांची एक लांब भिंत. दिवसाउजेडीही तिथे सामसूम होती.

वडील कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे दिवाणजी आहेत. पहाटे चारला उठतात, रात्री साडेआठला झोपतात. आई घरी शिवण करते. एक भाऊ, नववीतला. शिवाय आजी. मला बसायला खुर्ची दिली आणि बाकीचे पलंगावर आणि खाली. पोहे आले, वर तर्री. रविवारी सकाळी नागपुरात कोणाच्या घरी गेलं की दुसरं काही येत नाही.

वडील म्हणाले, "मॅडम, मी काही तिले मना नाही केलं. तिनंच म्हटलं, बाबा मी बायो ठेवते. तिचा निर्णय आहे तो." आणि ते खरं होतं. थोडं थांबून त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं, "तसंही पोरीले बायो बरंच आहे ना जी."

आजी मात्र स्पष्ट बोलली. "डॉक्टरीन झाली त बरं. नाई त मास्तरीन. इंजिनेर होऊन का खांबावर चढते का?" सगळे हसले. गुड्डीही हसली. मीही हसले, कारण आजीचं टायमिंग चांगलं होतं.

शिकवणीचा विषय मीच काढला. अकरावीचे बरेचसे वर्ग संध्याकाळी साडेसहा ते नऊ, शंकरनगर-धरमपेठेच्या बाजूला. मेट्रो आहे की, मी म्हणाले. वडील म्हणाले, "मेट्रोत काही नाही मॅडम. मेट्रोच्या खाली उतरलं का मग आहे." ती गोदामाची भिंत. तिथल्या खांबावरचा दिवा बंद होता, कित्येक महिने. साडेनऊला मुलगी उतरणार, तेव्हा वडिलांची पहिली झोप झालेली असणार, आणि चारला उठायचं. भावाला आणायला पाठवलं असतं, पण भाऊ चौदा वर्षांचा. शिवाय त्याचा स्वतःचा फाउंडेशनचा, म्हणजे पुढच्या प्रवेश परीक्षांच्या पूर्वतयारीचा, वर्ग नंदनवनला आठपर्यंत असतो. त्या वर्गाची फी हप्त्याने चालू होती. तो सायकलने जातो-येतो.

नववीतल्या मुलासाठी पुढच्या तीन वर्षांची तयारी सुरू होती आणि अकरावीतल्या मुलीची वेळ येऊन ठेपली होती तरी तिच्यासाठी काही नव्हतं. घरात कोणाला हे वावगं वाटत नव्हतं. दुष्टपणा तर अजिबात नव्हता. त्याच्या वर्गाची वेळ जमत होती, तिच्या जमत नव्हती, इतका साधा हिशेब.

आणि मग भिशी आली.

आम्ही बोलत असताना शेजारची बाई दारात आली. गुड्डीची आई वीस बायकांची बोलीची भिशी चालवते. दर महिना हजार रुपये, म्हणजे वीस हजार गोळा. ज्या बाईला पैसे आधी हवे ती कमी रकमेवर बोली लावते, उरलेली सूट सगळ्यांत वाटली जाते. शेजारणीने निरोप आणला होता, या महिन्याची बोली सतरा हजार चारशेवर तुटली. आईने शिवणाच्या मशीनवरून मान न उचलता सांगितलं, "मंग आठशे सत्तर आन प्रत्येकीचे."

मी मनात करून पाहिलं. वीस हजारातून सतरा हजार चारशे गेले, सूट दोन हजार सहाशे, वीस जणींत वाटली तर एकशे तीस, हजारातून वजा. आठशे सत्तर. बरोबर होतं आणि माझ्या आधी झालं होतं. मी विचारलं, तुम्ही स्वतः भिशी कधी उचलता? ती म्हणाली, पहिल्या पाच-सहा महिन्यांत नाही, तेव्हा गरजवंत बायका फार खाली बोली नेतात, त्यांचं नुकसान म्हणजे आपली सूट. शेवटी उचलली तर सूट पूर्ण मिळते, पण पैसा वर्ष-दीड वर्ष अडकतो. तिला मशीन घ्यायची होती तेव्हा तिने मधल्या महिन्यात उचलली होती, कारण मशीन लवकर आली तर तिची कमाई सुटीच्या रकमेपेक्षा जास्त होत होती. याला वाणिज्याच्या पुस्तकात पैशाचे कालमूल्य म्हणतात आणि ते मुलांच्या गळी उतरवताना घाम निघतो.

मी म्हणाले, अहो, तुमचं गणित तर पक्कं आहे. ती दचकल्यासारखी झाली. "छे जी, मले कुठं गणित येते. मी नववीतच सोडलं. हिशेब म्हणजे ह्यांचं काम." आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो दिवाणजी. दिवसभर बाजारात कॅल्क्युलेटरवर बेरजा करतो. त्याचं ते गणित आणि तिचा तो 'अंदाज'. गुड्डी हे जन्मापासून ऐकत आलेली. घरातली सगळ्यात चपळ गणिती डोक्याची व्यक्ती रोज तिच्यासमोर म्हणते, मला गणित येत नाही. मग तिने तेच वाक्य उचललं, यात नवल काय.

मुलींना कोणतं विज्ञान बरं

आजीच्या खांबावरून आठवलं म्हणून इथेच लिहिते. "मुली विज्ञानात नाहीत" हे आपल्याकडे तितकंसं खरं नाही. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाचे २०२०-२१ चे आकडे पाहा : विज्ञान शाखेत, पदवीपासून पीएच.डी. पर्यंत, ५७.२ लाख विद्यार्थी, त्यातल्या २९.५ लाख मुली. निम्म्याहून जास्त. पण अभियांत्रिकीत मुली जेमतेम तीस टक्क्यांच्या आत. राज्य मंडळाच्या बारावीतही मुली कधी मागे नसतात. २०२५ च्या निकालात मुली ९४.५८ टक्के उत्तीर्ण, मुलं ८९.५१. म्हणजे अडथळा विज्ञानाच्या दारात नाही, तो आतल्या खोल्यांच्या दारांवर आहे. बी.एस्सी., एम.एस्सी., मग बी.एड. आणि शिक्षिका, ही खोली मुलींसाठी उघडी. माझ्याच एम.एस्सी. च्या वर्गात आम्ही मुली बहुसंख्य होतो आणि त्यातल्या बहुतेक आज माझ्यासारख्या शिकवतात. मला शिकवायला आवडतं. पण ती निवड मी किती केली आणि किती आपोआप झाली, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

म्हणून अकरावीच्या सप्टेंबरातला तो अर्ज महत्त्वाचा. गणित सोडलं की अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्राची बरीचशी दारं एका सहीत बंद होतात, आणि त्या वेळी मुलगी सोळा वर्षांची असते. बायो सोडणाऱ्या मुलाचंही असंच होतं, मान्य. पण त्याने आपल्याला झेपत नाही म्हणून सोडलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. त्याला 'कंटाळा येतो'.

माझी वही

घरून परतल्यावर मी माझी शेऱ्यांची वही काढली. पालकसभेसाठी आम्ही प्रत्येक विद्यार्थ्यापुढे एक ओळ लिहितो. दहा-बारा वर्षांच्या वह्या माझ्याकडे आहेत, कारण मी काही फेकत नाही.

मुलींसमोर : मेहनती. नियमित. वही नीटनेटकी. प्रामाणिक. मुलांसमोर : डोकं आहे, वापरत नाही. हुशार पण धांदरट. क्षमता आहे. साठ टक्क्यांच्या मुलाला मी 'क्षमता आहे' लिहिलं होतं आणि नव्वदच्या मुलीला 'मेहनती'. शाई माझी, अक्षर माझं. गुड्डीसमोर ऑगस्टमध्ये काय लिहिलं होतं? 'शांत, मेहनती.'

मी स्वतः गणिताची बाई आहे, म्हणून हा दोष माझ्यात नसेल असं मला वाटत होतं. मग एका तरुण सहकाऱ्याला आठवडाभर माझ्या तासाला मागच्या बाकावर बसवलं. फळ्यावर मी कोणाला बोलावते, त्याच्या रेघा ओढायच्या एवढंच काम. शनिवारी त्याने कागद दिला. मुलांच्या रकान्यातल्या रेघा मुलींच्या दुपटीहून जास्त होत्या, आणि वर्गात मुली निम्म्या आहेत. मी म्हटलं, मुलं हात वर करतात ना. तो म्हणाला, "मॅडम, ते तर चुकीचं उत्तर घेऊनही करतात." यावर मला उत्तर सुचलं नाही.

संशोधनात याला दुजोरा आहे, पण सगळ्याच प्रसिद्ध संशोधनाला मी डोळे मिटून मान देणार नाही. १९९९ मध्ये स्पेन्सर, स्टील आणि क्विन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अवघड गणिताच्या परीक्षेआधी सांगितलं की या परीक्षेत स्त्री-पुरुषांत फरक दिसतो, तर मुलींचे गुण घसरले. फरक दिसत नाही असं सांगितलं, तर घसरले नाहीत. शिक्षक-प्रशिक्षणात हा प्रयोग अजूनही वेदवाक्यासारखा सांगतात. पण २०१८ मध्ये नेदरलँड्समध्ये दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर तो तपासला तेव्हा असा परिणाम दिसला नाही. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. परीक्षेच्या खोलीत ऐनवेळी काही कानात सांगितल्याने गुड्डी घसरली नव्हती. तिचं जे व्हायचं ते परीक्षेच्या कितीतरी आधी झालेलं होतं.

मला जास्त पटला तो २०१७ चा बियान, लेस्ली आणि सिम्पियन यांचा अभ्यास, अमेरिकेतल्या लहान मुलांवरचा. पाच वर्षांच्या वयात 'खूप खूप हुशार' माणूस म्हणून मुलगे जितक्या सहज पुरुषाचं चित्र निवडतात, तितक्याच सहज मुली बाईचं निवडतात. सहा-सात वर्षांच्या होतात तोवर ते कमी होतं. आणि त्या वयाच्या मुलींना एक खेळ 'खूप हुशार मुलांसाठी' म्हणून दाखवला तर त्या मागे सरतात. तसाच खेळ 'खूप मेहनत करणाऱ्यांसाठी' म्हणून दाखवला तर सरत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला अमेरिका आठवली नाही, माझी वही आठवली.

सहा पन्नास

आता काय केलं ते. फारसं काही नाही.

अर्ज मी फेटाळला नाही. गुड्डीला सांगितलं, हा सत्र परीक्षेपर्यंत माझ्या खणात राहील, त्यानंतरही तुला सोडावंसं वाटलं तर त्याच दिवशी सही करीन. कार्यालयातले बाबू म्हणाले, मॅडम, तीस तारखेच्या आत हवा, नाहीतर मंडळाच्या यादीचा घोळ होतो. प्राचार्यांना सांगून मुदत वाढवून घेतली. नियमाला थोडी मुरड घातली, हे खरं.

संध्याकाळ तिच्या हातात नव्हती, पण सकाळ होती. वडील चारला उठतात, घर जागं असतं, आमचं कॉलेज साडेसातला भरतं. मी सहा पन्नास ते साडेसात असा शंकांचा तास सुरू केला. स्टाफरूममध्ये कुजबुज झाली, मुलींसाठी वेगळं कशाला? मी म्हटलं, कोणीही या. पहिल्या आठवड्यात अकरा जण आले, त्यात पाच मुलगे. हे मला अपेक्षित नव्हतं. पाचही मराठी माध्यमाचे. त्यांतला एक तो नऊ गुणवाला. आपल्याला 'सबटेंड' कळत नाही हे त्याला सात वाजायच्या आधी, रिकाम्या वर्गात कबूल करता आलं. भर वर्गात मुलग्याने असं म्हणायचं नसतं. मुलगे असे, मुली तशा, या साच्याचा हा दुसरा काठ मी आजवर पाहिलाच नव्हता.

तिथे आम्ही प्रत्येकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर शब्द लिहायला लागलो. आर्क, कंस. स्लोप, चढ. कोएफिशंट, सहगुणक. डिटर्मिनंट, निश्चयक. दोन महिन्यांत पान भरलं आणि प्रश्न कळायला लागले. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'सदुसष्ट'च्या जोडीला 'साठ सात' असं संख्यावाचन दिलं तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची केवढी टिंगल झाली होती. तुम्ही त्यांच्या बाजूचे असा नसा, भाषा गणिताच्या आड येते एवढं तरी त्यांनी ओळखलं होतं. टिंगल करणाऱ्यांनी आमच्या सहा पन्नासच्या तासाला येऊन बसावं.

नारळीकर बाईंनी लग्नानंतर सोळा वर्षांनी, १९८१ साली, गणितात पीएच.डी. केली. हे मी पालकसभेत गुड्डीच्या आईला सांगितलं. ती म्हणाली, "माह्या लग्नाले त अठरा झाले मॅडम," आणि तोंडाला पदर लावून हसली. त्या सभेला वडिलांबरोबर ती पहिल्यांदाच आली होती.

वडिलांशी बोलताना प्रेरणा-बिरणाचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो शासन निर्णयाचा. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या घरच्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे इंजिनेरिंगची फी पोराची लागन, पोरीची नाही लागन?" बरोबर. दिवाणजीच्या डोक्यात हिशेब फिरलेला मला दिसला. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या, आधी १४ टक्क्यांचं उद्दिष्ट, २०२० पर्यंत २० चं, आणि त्यासाठी मुलग्यांची एकही जागा कमी केली नाही, हेही सांगितलं. ते त्यांना लांबचं वाटलं. फीमाफी मात्र समजली.

अशा योजनांचं एक वैगुण्य या घरात बसून कळतं. माफी आहे ती दारातून आत गेल्यावर. दारापर्यंत पोहोचायची शिकवणी, साडेनऊचा रस्ता, खांबावरचा दिवा, यांना कोणती माफी नाही. शिकवणीवर तोडगा निघाला तो असा : बारावीला शनिवार-रविवार दुपारची तुकडी. भावाचा फाउंडेशनचा वर्ग चालूच आहे. दिव्याची तक्रार त्यांनी दोनदा केली. दिवा लागलेला नाही.

फेब्रुवारीत विज्ञान दिनासाठी मुलांनी सर सी. व्ही. रामन यांचं पोस्टर केलं. आमच्या मुलांना रामन म्हणजे गांधीसागर तलावाजवळचं रामन विज्ञान केंद्र. सरकारी हिशेबखात्यात असताना रामन काही काळ नागपुरातही होते, तो मजकूर त्यांनी अभिमानाने लिहिला. मी त्याच्या शेजारी एक कोरा कागद चिकटवला आणि कमला भागवतांची गोष्ट सांगितली. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. त पहिल्या आलेल्या, १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, आणि रामन यांनी बाई म्हणून नाकारलं. त्या हटल्या नाहीत. मग एक वर्षाच्या अटीवर घेतलं, काम पसंत पडलं तरच ग्राह्य धरू, आणि इतर संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. पुढे १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी., लग्नानंतर कमला सोहोनी, आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक. एका मुलाने विचारलं, मग पोस्टर काढून टाकायचं का मॅम? गुड्डी म्हणाली, "काढतो कशाला? याच्याच बाजूले तिचं लाव." पोस्टर अजून आहे, दोन्ही. नागपूर विद्यापीठात जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेस भरली होती, तिच्या मुख्य विषयातच महिला सक्षमीकरण होतं, आणि तेव्हाचे फलक मी पाहिले आहेत. त्या फलकांपेक्षा हा हातकागद मला आवडतो.

पुढे

सत्र परीक्षेत गुड्डीला ५० पैकी ३१ मिळाले. दुसऱ्या चाचणीत २५ पैकी १६. काही चमत्कार झाला नाही. खणातला अर्ज तिने परत मागून घेतला आणि फाडला नाही, घडी करून दप्तरात ठेवला. कशासाठी, ते मी विचारलं नाही. फळ्याजवळ यायला ती अजूनही लवकर उठत नाही. मी हातांची वाट न पाहता हजेरीपटाच्या क्रमाने बोलावते आता, त्यामुळे तिचा नंबर येतोच.

आता ती बारावीत आहे. दोन्ही विषय ठेवले आहेत, सीईटी या प्रवेश परीक्षेचे दोन्ही गट, गणिताचा आणि जीवशास्त्राचा, देणार म्हणते. आजीची डॉक्टरीण अजून शर्यतीत आहे. गुड्डी अभियांत्रिकीला जाईल की नाही हे मला माहीत नाही आणि ती गेली तरच हे प्रकरण यशस्वी, असंही मी धरलेलं नाही. भिशीचा एक प्रश्न मात्र तिने स्वतः सहा पन्नासला आणला होता : बोली कितव्या महिन्यात कितीवर तुटली तर उचलणाऱ्या बाईला खरा व्याजदर किती पडतो? आम्ही चार दिवस त्यावर घालवले. पहिल्या महिन्यातल्या बायकांचा दर बघून तिने आईला घरी जाऊन काय सांगितलं, ते कळलं नाही. पण भिशीत आता सूट किती असावी याला मर्यादा आहे.

उरले ते तीन अर्ज, ज्यांवर मी चहा पिता पिता सह्या केल्या. मुलगा मजेत आहे, त्याला पहिल्यापासून प्राणीशास्त्रातच रस होता. एक मुलगी मला भेटली की हसते, म्हणते मॅम, गणित सुटलं आणि मी सुटले. तिचं खरं असावं. तिसरीला दहावीत ८९ होते, हे मी नंतर शोधून काढलं. मागच्या दिवाळीआधी ती वऱ्हांड्यात थांबली आणि विचारलं, सहा पन्नासचा तास बायोवाल्यांना चालतो का. मी हो म्हटलं. ती दोनदा आली.

अर्जाचा नमुना बदलावा असं मी प्राचार्यांना लिहून दिलं आहे. कारणाचा रकाना मोठा असावा आणि त्याखाली चार गोष्टी विचारल्या जाव्यात : दहावीचे गुण, माध्यम, घर किती लांब, शिकवणीची वेळ काय. प्राचार्यांना पटलं. बाबूंनी कपाट उघडून दाखवलं. जुने फॉर्म पाचशे छापलेले आहेत, अजून साडेतीनशे शिल्लक, ते संपल्याशिवाय नवे छापता येणार नाहीत. तोवर मी प्रत्येक अर्जावर त्या चार ओळी पेन्सिलने आखून देते.